यंत्राचा सोमवार

लग्नाला सात वर्षं झाली तरी माझा आणि माझ्या नवऱ्याचा सहवास सगळा मिळून सहा महिन्यांचाही झाला नव्हता. शिमग्याला दहा दिवस, आणि बोटी वेळेवर सुरू झाल्या तर गणपतीला पंधरा, एवढेच ते घरी. बाकी वर्षभर मुंबईला, मोटारी दुरुस्त करायच्या एका कारखान्यात. माहेरी गेले की मावश्या विचारत, "नवरा स्वभावाने कसा आहे गो?" मी सांगे, "पत्रात तरी बरा आहे." त्या हसत. मला मात्र हसू येत नसे. आमच्या वाडीत दर दुसऱ्या घरी हीच तऱ्हा होती, म्हणून कुणाला त्याचं नवल नव्हतं. मला राग येई, आणि राग आला की मी भांडी आपटत असे. टपाल आलं की नाही, हे सासूबाई माझ्या आपटण्यावरून ओळखायला लागल्या होत्या.

सन तीसच्या आगेमागे एका कार्तिकात त्यांचं पत्र आलं. नोकरी सोडली, कायमचा घरी येतो आहे, आणि बरोबर ट्रॅक्टर आणतो आहे. घरात मराठी चौथी झालेली मी एकटी, म्हणून पत्रं मीच मोठ्याने वाचत असे. ट्रॅक्टर म्हणजे काय ते वाचणारीला ठाऊक नव्हतं आणि ऐकणाऱ्यांनाही नव्हतं. सासूबाईंना वाटलं मुंबईची कोणी बाईच घेऊन येतो आहे, त्यांनी लगेच देवापुढे निरांजन लावलं. मी "कायमचा" हा शब्द दोनदा वाचला. मामंजी म्हणाले, "एकदा वाचलंस ना? पुढे वाच."

पुढे सगळा खुलासा होता. मुंबईत एका साहेबाने आपल्या बंगल्यापुढच्या हिरवळीसाठी विलायतेहून एक छोटं यंत्र आणलं होतं. ते गवतावर रूळ फिरवी, कुंड्यांची गाडी ओढी. त्याची देखभाल आमचे हे करत. साहेब कायमचा विलायतेला निघाला आणि ते यंत्र ह्यांच्या गळ्यात पडलं. म्हणजे जन्मभर सपाट हिरवळीवर वावरलेलं जनावर आमच्या कोकणात येणार होतं, जिथे अंगणसुद्धा एका बाजूला उतरतं असतं.

ते आलं आगबोटीतून. बंदरात बोट लांब उभी राहते आणि माणूस-सामान पडावातून किनाऱ्याला येतं. पडावात उतरवताना म्हणे एका म्हाताऱ्या खलाशाने त्याला हात जोडले. बंदरापासून आमचं गाव तीन मैल, रस्ता जांभ्या दगडाचा, चढउताराचा. यंत्राला तेल घालायचं, चाकं बसवायची, ते सगळं घरी जाऊन करू असं ह्यांनी ठरवलं. त्यामुळे आमच्या गावातला पहिला ट्रॅक्टर बैलगाडीत बसून घरी आला.

मामंजी खळ्यात उभे होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. आधी गाडीच्या बैलांकडे पाहिलं, मग वर बसलेल्या यंत्राकडे.

"हे ओढायचं काम करतं म्हणालास ना?"

"हो, बाबा."

"मग ह्याला ओढून कशाला आणलास?"

ह्यांनी गाडीचे दोर सोडायला घेतले. दहा वर्षांनी कायमचा घरी आलेल्या मुलाशी बाप पहिलं वाक्य हे बोलला, आणि मी दारामागे उभी राहून मामंजींवर मनातल्या मनात एक पातेलं आपटलं.

त्या रात्रीचं जेवण होता होता अट ठरली. मामंजी बैलांवर जीव टाकणारे. एक तांबडा, एक बांडा, दोघांनाही त्यांनी वासरापासून वाढवलं होतं. ते म्हणाले, "एक वर्ष बघतो. कार्तिकापासनं श्रावणापर्यंत बैलांची सगळी कामं ह्या तुझ्या विंजानाने करायची. पण ज्या दिवशी माझे बैल ह्याच्या पुढे जुंपून ह्याला ओढावं लागेल, त्या दिवशी खेळ खलास. मग नारळी पुनवेला समुद्र उघडला की पहिल्या बोटीने तू मुंबईला. नोकरी माणसाची वाट बघत बसत नाय." हे म्हणाले, "कबूल." मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं की असली कबुली द्यायच्या आधी माणसाने आपल्या शेताची वाट एकदा पायाने चालून यावी.

सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी यंत्राची पूजा केली. हळदकुंकू कुठे लावायचं यावर अर्धा तास गेला. तोंड कुठलं आणि पाठ कुठली हेच कळेना. शेवटी जिथून धूर निघतो तिथे त्यांनी कुंकू लावलं, कारण श्वास तिथूनच घेत असणार. मग त्यांनी त्याची बांधायची जागा गोठ्यात बैलांशेजारी ठरवली. रॉकेलच्या वासाने गाय पान्हा सोडीना, तांबडा दाव्याला हिसके देऊ लागला. तिसऱ्या दिवशी यंत्र पडवीत आलं आणि पडवीतली धान्याची कणगी माझ्या निजायच्या खोलीत आली. सात वर्षं ती खोली रिकामी पडलेली. आता नवरा आला तर कणगीही आली.

एक गोष्ट मात्र सासूबाईंनी ठामपणे ठरवून टाकली. सोमवारी यंत्राला सुट्टी. आमच्याकडे सोमवारी बैलांच्या मानेवर जू ठेवत नाहीत, तो महादेवाचा आणि नंदीचा वार. आग लागो, पूर येवो, सोमवारी बैल गोठ्यात. मामंजींनी जन्मात हा नेम मोडला नव्हता. हे म्हणाले, "आई, हे लोखंड आहे." सासूबाई म्हणाल्या, "असूंदे. सगळा आठवडा राबतं ना? त्याला पण एक वार नको काय?" आणि दर सोमवारी त्या यंत्रावर गोणपाट घालू लागल्या. ह्यांनीही वाद घातला नाही, कारण खिळे आवळायला आणि तेलपाणी करायला आठवड्यातला एक दिवस लागतच होता.

पहिलं काम रहाटाचं निघालं. आमची नारळ-पोफळीची वाडी, तिला शिंपणं रहाटाने. बैल गोल गोल फिरतो, मातीचे लोटे विहिरीतून भरून वर येतात आणि पाटात ओततात. बैलाच्या जागी ह्यांनी यंत्र लावलं. पण ह्या यंत्राची सगळ्यांत हळू चाल म्हणजे आमच्या बांड्याची वाघ दिसल्यावरची चाल. लोटे असे वर आले की पाणी पाटात न पडता थेट पोफळीच्या शेंड्याला गेलं. खाली जाणारे लोटे विहिरीच्या काठावर फुटले, आणि वर येणारे एकमेकांवर. मी "थांबवा, थांबवा" म्हणून ओरडत होते, ते यंत्राच्या आवाजात ह्यांना "छान, छान" असं वाटलं असणार, कारण ते माझ्याकडे बघून हसले. रहाट थांबला तेव्हा माळेला तीन लोटे शिल्लक होते. मामंजी पायरीवर बसून विडी ओढत होते. ते म्हणाले, "शिंपणं चांगलं झालं. पोफळी न्हाल्या."

ह्यांचं एक होतं, हरले तरी हात झाडून उठत. चार दिवसांनी त्यांनी रहाटाचं आडवं लाकूड दुपटीने लांब केलं, म्हणजे यंत्र मोठ्या वर्तुळात फिरलं तरी रहाट सावकाश फिरेल. हिशेब अगदी बरोबर निघाला. पाणी पाटात पडू लागलं. फक्त लाकूड लांब झाल्यामुळे ते दर फेरीला सासूबाईंच्या केळीतून जाई. आधी एक केळ गेली, मग दुसरी. सासूबाई म्हणाल्या, "पाणी कोणाला घालताव? केळींना. केळी कुठं हायत?" तरी रहाट चालू झाला आणि मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंत चालू राहिला, हे मी सांगितलंच पाहिजे, कारण गावात ही गोष्ट सांगताना लोक तेवढंच सोडून देतात.

मग शेणखत वाहणं, चिऱ्यांचे दगड आणणं, रानातून कवळाचे, तोडलेल्या डहाळ्यांचे, भारे ओढणं. ह्या कामांत यंत्र खरंच उपयोगी पडलं. मागे छोटी गाडी जोडली की बैलांच्या दोन खेपा एका खेपेत होत. अडचण होती ती शेतात. आमची शेतं म्हणजे डोंगराला खणलेल्या पायऱ्या, एकेक तुकडा चार खाटांएवढा. यंत्र एका तुकड्यात गेलं की वळायला जागा नाही, आणि एका तुकड्यातून दुसऱ्यात जायला वाट नाही. फणसाच्या दोन फळ्या टाकून सहा गडी ते बांधावरून वर चढवीत. यंत्र पावघटका नांगरी आणि दोन घटका माणसांच्या हातावर फिरे. मामंजी बांधावरून मोजत बसत. "दोन बैलांचं काम करायला सहा माणसं," ते म्हणत, "आणि त्या सहा माणसांना चहा करायला एक सून." चहाचं खरं होतं. माझं अर्धं वर्ष त्या चुलीशी गेलं.

एका दुपारी मी ह्यांना म्हटलं, "मला चालवायला शिकवा, म्हणजे निदान बसायला तरी मिळेल." हे एकदम खूष झाले. खताची गाडी मागे होती, समोर सरळ वाट होती. हात कुठे, पाय कुठे, सगळं त्यांनी नीट समजावलं आणि मलाही नीट समजलं. वीस-पंचवीस पावलं मी झकास गेले. शेजारच्या परसात धुणं धुणारी बाई हातातलं लुगडं सोडून बघत राहिली. तेवढ्यात समोर शेणखताचा खड्डा आला. थांबवायला पाय दाबायचा होता. मी चाक दोन्ही हातांनी छातीशी ओढलं आणि ओरडले, "हो! हो! हो रे!" बैल असता तर थांबला असता. यंत्राला कुणी हे शिकवलंच नव्हतं. यंत्र आणि मी, दोघं शांतपणे खड्ड्यात उतरलो. त्या दिवशी मामंजी वर्षात पहिल्यांदा हसले, इतके की विडी विझली. मला धुऊन काढायला चार हंडे पाणी लागलं आणि तेही त्या रहाटाचंच.

हसले तरी मामंजी अटीबद्दल एक अक्षर बोलत नसत. पण माघात एक गंमत घडली, ती मी कुणाला सांगितली नाही. दुपारची सगळी माणसं पडली होती. मी पडवीच्या दाराशी तांदूळ निवडत बसले होते. मामंजी हळूच आले, इकडेतिकडे पाहिलं, आणि नुकत्याच रानातून आलेल्या यंत्राच्या डोक्यावर त्यांनी थाप मारली. बैल राबून आला की तांबड्याच्या मानेवर ते अशीच मारत. यंत्र तव्यासारखं तापलेलं होतं. त्यांनी हात झटकन मागे घेतला, मुठीत दाबला आणि आवाज न करता निघून गेले. पुढे दोन दिवस तळव्याला कोरफड लावून हिंडत होते. विचारलं तर म्हणाले, चुलीवर भाजलं. मामंजी जन्मात चुलीपाशी गेले नव्हते.

अशा रीतीने आषाढ आला. भाताच्या लावणीसाठी चिखल करायचा होता आणि हे मागे पडले होते. दुसऱ्यांच्या बैलांचे चिखल होऊन त्यांच्याकडे बायका लावणीला उतरल्या होत्या. आमचं एकेक तुकड्याला यंत्र चढवा-उतरवा चाललं होतं. रोपं वाढून पिवळी पडायला लागली. शेवटचा राहिला खाडीकाठचा सगळ्यांत खालचा तुकडा. तो बाकीच्यांपेक्षा मोठा, सपाट, यंत्राला वळायला भरपूर जागा. वर्षभर हे त्याच तुकड्याची स्वप्नं बघत होते. "तिथे बघा," म्हणायचे, "अगदी साहेबाची हिरवळ." फक्त साहेबाच्या हिरवळीवर अवस-पुनवेच्या उधाणाला खाडीचं पाणी चढत नसे. आमच्या त्या तुकड्याचा बांध दोन ठिकाणी खचला होता. तो नीट बांधल्याशिवाय लावणी करायची नाही, हे ठरलेलं होतं, पण चिखल करून ठेवायला हरकत नव्हती.

आणि तो दिवस आला सोमवार. वर अवस.

हे आदल्या दिवशी म्हणाले, "उद्या यंत्र चालवणार." सासूबाईंनी गोणपाट हातात धरून ठेवलं. मामंजींनी एवढंच म्हटलं की असलं घरात ठरवता येत नाही, देवाला विचारा. गुरवाने देवाच्या मूर्तीला ओली फुलं चिकटवून कौल लावला. उजवं पडलं तर चालवा, डावं पडलं तर चालवू नका. बराच वेळ आम्ही बघत बसलो. एकही फूल पडलं नाही. गुरव म्हणाला, असं कधी होत नाही. हे म्हणाले, नाही म्हणाला नाही म्हणजे हो. मामंजी म्हणाले, "देवाने यंत्र आधी बघितलंन नाय, तो तरी काय सांगणार?" यावर सासूबाई गोणपाट घेऊन आत गेल्या, आणि सोमवारी सकाळी यंत्र सुरू झालं.

दुपारपर्यंत सगळं उत्तम चाललं. मागे फळी बांधलेली, यंत्र पुढे, चिखल लोण्यासारखा. शेजारच्या शेतात दहा-बारा बायका लावणी लावत होत्या, त्यांनी गाणं थांबवून बघायला सुरुवात केली. ह्यांचा चेहरा मी लग्नातही इतका खुललेला बघितला नव्हता. तिसऱ्या प्रहरी ते खचलेल्या बांधाजवळ वळले. तिथला चिखल तळ नसलेला होता, गावातला प्रत्येक बैल ते जाणत होता. यंत्राची मागची चाकं जागच्या जागी फिरली, एकदा, दोनदा, आणि ते बसलं. हे जितका जोर लावत तितकं ते खाली जाई. शेवटी चाकं दिसेनाशी झाली आणि आवाज बंद पडला. खाडीवरचे बगळेसुद्धा ऐकू यायला लागले.

हे खाली उतरले ते मांडीपर्यंत गेले. मी बांधावर भाकरीची टोपली घेऊन उभी होते. दुपारची भरती खचलेल्या बांधापर्यंत येऊन परतली होती, पण अवसेची मध्यरात्रीची भरती त्याहून मोठी येणार आणि खारं पाणी यंत्राच्या डोक्यावरून जाणार, हे कुणी सांगायला नको होतं. खारं पाणी आत गेलं की ते लोखंड भंगारात. यंत्र गेलं की बैलांची कामं करणार कोण? अट आपोआपच हरली. आणि यंत्र वाचवायचं तर बैल जुंपायला हवेत. बैल जुंपले तरी अट हरली. मी वर्षभर केलेला सगळा चहा माझ्या डोळ्यांपुढून गेला. रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता, ह्या माणसाचा, त्या साहेबाचा आणि एकही फूल न पाडणाऱ्या देवाचा.

मामंजी घराकडून चालत आले. डोक्यावर पावसाचं इरलं, हातात काठी. त्यांना काही घाई नव्हती. झोपाळ्यावर बसून राहिले असते तरी उद्या सकाळी त्यांचीच जीत होती. त्यांनी बांधावर उभं राहून यंत्र बघितलं, मग खाडीच्या पाण्याकडे बघितलं.

हे चिखलातून म्हणाले, "बाबा, बैल आणा. हरलो मी. पहिल्या बोटीने जातो."

मामंजींनी काठीने बांधाजवळचा चिखल टोचून बघितला. मग म्हणाले, "आज वार कोणता?"

"सोमवार."

"मग बैल कुठनं आणू?"

"बाबा, उद्यापर्यंत हे राहत नाही."

"तेच म्हणतोय. आज सोमवार. बैलांना आज सुट्टी." मामंजींनी इरलं काढून माझ्या हातात दिलं. काठी बांधात रोवली. धोतर वर खोचलं. "माणसांना कुठल्या देवाने वार दिलान नाय."

आणि पासष्ट वर्षांचा तो माणूस चिखलात उतरला. गड्याला त्यांनी होडीचा नाडा आणायला धाडलं. सासूबाईंना हाक गेली. लावणीच्या बायकांना त्यांनी एवढंच विचारलं, "काय गो, बघायचंच हाय काय नुसतं?" त्या खोचलेल्या लुगड्यांनिशी धावत आल्या. नाडा यंत्राला बांधला. आम्ही सगळी ओळीने उभी राहिलो. सगळ्यांत पुढे मामंजी, खांद्यावर नाडा घेऊन, मग सासूबाई, मग मी, मग बायका आणि गडी. हे मागून रेटायला. फणसाच्या फळ्या चाकांखाली कोंबल्या. कोळी होडी ओढताना घालतात तशी हाळी मामंजींनी घातली, आणि आम्ही ओढलं.

काही झालं नाही. सासूबाई म्हणाल्या, "कुंकू लावलं होतं तरी." पुन्हा ओढलं. पुन्हा काही नाही. तिसऱ्या वेळी मामंजी हाळी घालायचं सोडून तांबड्याला घालतात तसल्या शिव्या घालायला लागले. कुणाला घालत होते कोण जाणे, यंत्राला, मुलाला की स्वतःला. पण शिव्या लागू पडल्या. चिखलाने मोठा घोट घेतल्यासारखा आवाज केला आणि यंत्र एकदम सुटलं. सगळी ओळच्या ओळ तोंडघशी चिखलात पडली. हे मागून रेटत होते तेही पालथे पडले. मामंजी उलटून उताणे पडले आणि आकाशाकडे बघत होते. बायका हसता हसता रडायला लागल्या. मीही रडत होते, पण हसण्याच्या आडोशाने.

यंत्र बांधावर आलं तेव्हा सूर्य मावळायला आला होता. हे मामंजींना उठवायला गेले आणि हळूच म्हणाले, "बाबा, अट?"

"अट बैलांची होती. बैल गोठ्यात हायत. जाऊन विचार त्यांना."

दुसऱ्या दिवशी मामंजींना उठता येईना. कंबर धरली होती. वरच्या दोन तुकड्यांत दुसरा चिखल व्हायचा म्हणून लावणी खोळंबली होती, यंत्र पाटाच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळत ठेवलेलं, ते चार दिवस तरी सुरू होणार नव्हतं. म्हणून मंगळवारी पहाटे तांबडा आणि बांडा ह्यांनी जुंपले, नुसत्या नांगराला. अटीत हेही चालणार नव्हतं, पण मामंजींनी ते काढलं नाही. दहा वर्षांत बैलांमागे गेले नव्हते. नांगराचे तास वाकडे आले आणि बैलांनी दोनदा थांबून मागे वळून पाहिलं. मामंजी ओटीवर पडल्या पडल्या आवाजावरून ओळखत होते. "तांबड्याला उजवीकडे घे म्हणावं. उजवीकडे गो. सांग जाऊन."

मी तीनदा निरोप घेऊन गेले. तिसऱ्यांदा परत येत होते तेव्हा सासूबाई त्यांच्या कमरेला ऊन तेल चोळत बसल्या होत्या. मी ओटीवर चढले नाही. सासूबाई म्हणत होत्या, "कशाला हो हे करून घेतलंत? आज दिवस उगवेपर्यंत थांबायचं. जिंकला असतात."

मामंजींनी तोंड भिंतीकडे वळवलं. मला वाटलं झोप लागली.

"जिंकून काय करू?" ते म्हणाले. "पोरगा मुंबईला, विंजान पडवीत. मला त्याचा एक खिळा आवळता येत नाय. दहा वर्षं मी बैलांशीच बोलतोय. ते ऐकतात गो. पण उलट बोलत नायत."

मी तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले. मग परसात गेले आणि घरातली सगळी भांडी घासायला काढली. एकही आपटलं नाही. सासूबाई मागल्या दारी बघायला आल्या, बरी आहेस ना म्हणून.

नारळी पुनव होऊन गेली, समुद्र उघडला, आणि एका सकाळी वारा बंदराकडून होता तेव्हा मुंबईच्या पहिल्या बोटीचा भोंगा ऐकू आला. हे खळ्यात यंत्राच्या पोटाखाली शिरले होते, बाहेर नुसते पाय दिसत होते. मामंजी कमरेला शेला गुंडाळून ओटीवर बसले होते. भोंगा दुसऱ्यांदा झाला.

"अरे," मामंजी म्हणाले, "बोट आली."

पाय हलले. "ऐकलं, बाबा."

"मग?"

"मग काय? आज सोमवार आहे. ह्याला सुट्टी. तेलपाणी करतोय."

मामंजी उठले. सासूबाईंनी खुंटीला टांगलेलं गोणपाट त्यांनी काढलं आणि यंत्रावर नीट पसरलं, खाली मुलाचे पाय बाहेर ठेवून.